एक अलिफ कमी

३ दै १३३६ फसली, रविवार

आजपासून रोजनिशी. तारखा सरकारी घालायच्या. घरात सगळे कार्तिक म्हणत असले तरी ज्याला कचेरीत बसायचे आहे त्याच्या तोंडात दै, बहमन, इस्फंदार हे महिने बसलेले असावेत.

तालुक्याच्या कचेरीत मोहर्रिराची, म्हणजे लिहिणाऱ्या कारकुनाची, एक जागा निघाली आहे. गुरुवारी अर्ज देऊन आलो. अटी तीन. वय तिशीच्या आत. चालचलन साफ. उर्दू लिहिता-वाचता यावे. मला एकोणतीस पुरी होऊन चार महिने झाले, म्हणजे यंदा जागा गेली की कायमची गेली. पण जाते कशाला? आमच्या चकलांब्यात आजवर कोणी कचेरीत लागलेले नाही. मी लागणार.

अर्ज मात्र कचेरीच्या दारातल्या माणसाकडून लिहून घेतला. माझे उर्दू अक्षर एकदम पहिल्या दिवशी दाखवणे बरे वाटले नाही. सही केली. सही चांगली आली.

ही रोजनिशीही उर्दूतच लिहिणार होतो. शाई पातळ निघाली.

ठराव: रोज पहाटे उठून एक पान उर्दू.


५ दै, मंगळवार

दोन्ही दिवस उठेपर्यंत गुरे रानात गेलेली होती. थंडी फार. शिवाय ज्याला भाषा येते त्याने रोज घोकणे म्हणजे तिचा अपमान आहे. लहानपणी मौलवीसाहेबांकडे दोन हिवाळे गेलेलो आहे. त्यातल्या एका हिवाळ्यात मला गोवर निघाला होता, पण एक हिवाळा पुरा केला.

कुटुंबाने विचारले, कागदबिगद आला तर वाचता येईल ना. हसलो फक्त.


७ दै, गुरुवार

आज एक घाणेरडा प्रकार झाला. जसाच्या तसा लिहून ठेवतो, पुढे कामाला येईल.

गेवराईच्या बाजारातून दमणीत परत येत होतो. गडी म्हाळू, त्याचा गुडघा धरलेला, म्हणून मीच हाकत होतो. दुपारची वेळ, पोट भरलेले, बैलांना वाट पाठ. मी झोपलेलो नव्हतो. डोळे मिटून कचेरीतल्या कामाचा विचार करत होतो. इतक्यात मागून मोटार आली. तिने भोंगा वाजवला. बैलांनी जन्मात भोंगा ऐकलेला नाही, ते सडकेच्या मधोमध उभे राहिले. डावा तर बसलाच. मोटारवाल्या साहेबांनी बराच वेळ भोंगा वाजवला म्हणतात. शेवटी त्यांनी मोटार शेजारच्या शेतात घातली आणि ती काळ्या मातीत रुतली.

नाक्यावरचा जवान पळत आला. त्याने मला हलवले. माझे नाव, बापाचे नाव, गाव, सगळे वहीत लिहिले. आम सडक अडवली म्हणून चालान होईल म्हणाला, कचेरीतून कागद येईल, पेशीला हाजिर राहायचे. म्हणाला, गाडीवान घोरत होता असेही लिहितो. मी त्याला सांगितले की घोरणे हा काही पुरावा होत नाही. त्याने तेही लिहिले.

मोटार ढकलायला मीही लागलो होतो. हे मात्र त्याने लिहिले नाही.


८ दै, शुक्रवार

जुम्मा. कचेरी बंद. बरे झाले, आज तरी कागद येणार नाही.

शेजारी गहिनीनाथ सकाळीच ओसरीवर येऊन बसला. त्याला सगळे कळलेले होते. म्हणाला, दंड किरकोळ असतो बे, पण गुन्हा एकदा नावावर लागला की चालचलन साफ कुठले? तुझी नोकरी गेली म्हण की. मी म्हणालो, कायदा मला माहीत आहे. तो गेल्यावर पाणी प्यालो.

कुटुंबाचे म्हणणे, विठ्ठलराव वकील गेवराईत आहेत, त्यांना लावा. विचार केला. वकील लावावा तर लोक म्हणणार, गडी घाबरला. न लावावा तर गुन्हा साबित होणार. वकील लावावा तर कचेरीला वाटणार, ज्याला स्वतःचे बोलता येत नाही तो मोहर्रिर कसला. न लावावा तर तिथे सगळे उर्दूत चालते. अर्थात त्याचे मला काही नाही.

ठराव: वकील लावायचा नाही. आपली बाजू आपण मांडायची.


१० दै, रविवार

वकील लावायचा. रात्रभर विचार करून ठरवले. गेवराईला गेलो, त्यांच्या दारापर्यंत गेलो. ओसरीवर माणसे फार होती. परत आलो.


११ दै, सोमवार

वकील लावायचा नाही. बाभळीखाली उभा राहून अर्धी घटका भाषण केले, "हुजूर"पासून सुरुवात. चांगले झाले. पुढे "बैल" ला उर्दूत काय म्हणतात ते आठवेना. बैलच म्हणत असतील.

म्हाळू ऐकत होता. त्याला विचारले कसे वाटले. म्हणाला, बैलाचं नाव काढू नगा मालक, त्यांचा काय गुन्हा न्हाई.


१३ दै, बुधवार

अखेर विठ्ठलरावांना भेटलो. सहज गेलो होतो. माणूस शांत आहे, पान लावत ऐकतो. झोपेचा विषय त्यांनी स्वतःहून काढला, मी काढला नाही. म्हणाले, आधी कचेरीचा कागद येऊ द्या, आला की तसाच माझ्याकडे आणा. मी बघतो. आणि उठताना एवढेच बोलले:

"काही झालं तरी तोंडातून 'कबूल' हा शब्द काढू नका. तो एक शब्द गेला की मग मलाही काही करता येत न्हाई."

एवढ्याशा सल्ल्यासाठी वकील होतात लोक. तरी त्यांना हो म्हणून आलो. कुटुंबाला सांगितले तेव्हा तिच्या तोंडावर एवढे समाधान दिसले की मला त्याचाच राग आला.


१६ दै, शनिवार, सकाळ

कचेरीचा जवान आला आहे. ओसरीवर बसवले आहे. कागद हातात आहे. आधी लिहून घेतो, मग वाचतो.


तोच दिवस, दुपार

आनंदाची बातमी.

वाचला. मजकूर घाईच्या मोडक्या अक्षरातला आहे, पण मुद्द्याचे शब्द एकेक करून लागले. माझे नाव. बापाचे नाव. मग "मुलाजिम". मग "हाजिर". खाली २३ दै. अर्थ उघड आहे: बद्रीनाथ वल्द विश्वनाथ यांना मुलाजिम, म्हणजे सरकारी नोकर, केले आहे, त्यांनी २३ दै रोजी हाजिर व्हावे. लिहिणाऱ्याने "मुलाजिम" मधला अलिफ तेवढा गाळलेला आहे. ती एक उभी रेघ, घाईत राहते. मी ती मनात घालून वाचली. अशा चुका करणारे लोक कचेरीत आहेत म्हणूनच त्यांना माझी गरज पडली.

चालानाचे काय, असे कोणी विचारील. चालानाचा कागद यायला महिने लागतात हे सर्वांना माहीत आहे. आणि स्वतःच्याच मुलाजिमावर सरकार चालान कशाला ठेवील? काढून टाकले असणार.

जवानाला शिरा-पुरी करून जेवायला घातले. तो आधी बसेना. नंतर तीनदा मागून घेतले. जाताना म्हणाला की अठरा वर्षे कागद वाटतो आहे, असा माणूस पाहिला नाही. मी म्हणालो, अजून पाहाल.

कुटुंबाला बातमी सांगितली. तिने कागद हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि म्हणाली, वकिलांनी आणा म्हटले होते ना, एकदा दाखवून या. नोकरीचा कागद वकिलाला कशाला दाखवायचा? माझ्या अर्जात लिहिलेले आहे, उर्दू येते म्हणून. ज्याला येते तो कागद घेऊन दारोदार वाचून घेत हिंडत नाही. तिला हे समजावून सांगितले. ती गप्प झाली, म्हणजे पटले.


१७ दै, रविवार

विठ्ठलरावांना चिठ्ठी: "आपल्या मदतीची गरज उरलेली नाही. आपले काम कचेरीत कधी अडले तर निःसंकोच कळवावे." म्हाळूच्या हाती पाठवली. उत्तर आले नाही. मनाला लागले असेल.


१९ दै, मंगळवार

शिंप्याकडे काळा लांब कोट टाकला. लाल रुमी टोपी आणली. ती डोक्यात बसत नाही, कानावर बसते. सवयीने बसेल.

म्हाळूला सांगितले, आजपासून मालक नाही, मुन्शीजी म्हणायचे. त्याने चार वेळा म्हणून पाहिले आणि बैलांना पाणी दाखवायला गेला.

दुपारी सारजाबाई, गहिनीनाथची आई, नारळ आणि साखर घेऊन आली. माझ्या आईच्या बरोबरीची. तिच्या डोळ्यांत पाणी होते. म्हणाली, आज तुजी आई पायजे व्हती. मी पाया पडलो. खरोखर, आई पाहिजे होती.

गहिनीनाथही आला. त्याचे शेताच्या हद्दीचे काहीतरी कचेरीत अडले आहे. आज त्याने एकदाही "बे" म्हटले नाही. मी म्हणालो, अर्ज करा, पाहू.


२१ दै, गुरुवार

कुटुंबाने आज पुन्हा काढले. जेवताना. कागद फक्त दाखवायचा, बोलायचे काही नाही, ती स्वतः गाडीत बसून येईल म्हणाली. ताटावरून उठलो. नवऱ्याचे भले झालेले बायकांना सोसत नाही असे वाटून गेले. नंतर वाईट वाटले. तिने ताट झाकून ठेवलेले होते.

ठराव: पहिल्या पगारात तिला लुगडे.


२३ दै, शनिवार, पहाट

पहाटे उठलो. कोणी उठवले नाही. कोट काखेत थोडा काचतो. टोपी आहे. कागद खिशात. साहेब काही विचारतील तर नम्रपणे, थोडक्यात, उर्दूत. दमणी म्हाळू हाकणार.

आजचा दिवस लक्षात राहील.


२५ दै, सोमवार

दोन दिवस लिहिले नाही. लिहिण्यासारखे काही नव्हते.

पण नोंद असावी.

कचेरीच्या ओट्यावर दोन तास बसलो. शेजारी कोंबडी चोरल्याच्या आरोपाचा एक म्हातारा होता. त्याने मला विचारले, तुमचं काय? मी म्हणालो, नेमणूक. तो सरकून बसला.

मग चपराशी बाहेर येऊन ओरडला: "मुलजिम बद्रीनाथ वल्द विश्वनाथ, हाजिर?" त्यानेही अलिफ खाल्ला. पूर्ण कचेरीला एकच खोड. मी आत जाताना त्याला हळूच सांगितले, मुलाजिम म्हणत जा. त्याने माझ्या टोपीकडे पाहिले.

आत तहसीलदार साहेब, त्यांच्या बाजूला कारकून. कारकुनाशेजारी एक खुर्ची रिकामी होती. मी तिकडे निघालो. जवानाने कोपराला धरून मला जागेवर उभे केले. वाटले, आधी शपथ असेल, मग खुर्ची.

कारकुनाने एक कागद भराभरा वाचला. सगळे कानात घेतले नाही, पण "सडक" आणि "गाडी" हे शब्द स्वच्छ ऐकू आले. म्हणजे सडकेच्या आणि गाड्यांच्या खात्यात घालत आहेत. मी मान डोलावत राहिलो. मागच्या बाकावर विठ्ठलराव दुसऱ्या कुणाच्या कामासाठी बसलेले होते. ते माझ्याकडे पाहून डोके हलवत होते. मला वाटले, अभिनंदन करतात.

साहेबांनी वर पाहिले आणि विचारले: "कबूल है?"

मी वाकून सलाम केला. "दिलोजान से कबूल, हुजूर. जिंदगीभर यही काम करूंगा."

मागे दारातून कोंबडीवाला म्हातारा हसला आणि त्याच्यामागून सगळी कचेरी. विठ्ठलरावांनी कपाळाला हात लावला. ते उठून उभे राहिले, काही म्हणू लागले. साहेबांनी हाताने त्यांना बसवले. एकदा कबूल म्हटले की झाले.

दंड सांगितला. तो दिला. तेवढ्यात कारकून साहेबांच्या कानाशी लागला आणि गठ्ठ्यातून दुसरा एक कागद काढून त्यांच्यापुढे ठेवला. खालची सही मी लांबूनच ओळखली. माझा अर्ज.

साहेबांनी तो वाचला. मग मला आलेला कागद मागून घेतला, माझ्याकडे फिरवला आणि बोट ठेवून वाच म्हणाले. मी वाचले, "मुलाजिम". साहेब म्हणाले:

"अलिफ कहाँ है?"

"जल्दी में रह गया होगा, हुजूर."

साहेब हसले नाहीत. बाकी सगळे हसत होते, तेवढे एकटे हसले नाहीत. त्यांनी हळू आवाजात, पोराला शिकवावे तसे सांगितले की अलिफ असेल तर नोकर आणि नसेल तर आरोपी, आणि या कागदात तो चुकून गळलेला नाही. मग माझ्या अर्जावर एक ओळ लिहिली आणि जा म्हणाले.

ते हसले असते तर बरे झाले असते.

बाहेर विठ्ठलराव भेटले. मी टोपी हातात घेऊन उभा. त्यांनी एकदाही माझ्या चिठ्ठीचा विषय काढला नाही. दारात बैल सोडताना म्हाळू म्हणाला, उतरा मुन्शीजी.


२६ दै, मंगळवार

थंड डोक्याने पाहता सगळे संपलेले नाही. साहेबांनी अर्जावर ओळ लिहिली ती काय हे कोणाला माहीत? "उर्दू कच्ची, पण माणूस निष्ठावान" असेही असू शकेल. जिंदगीभर काम करीन म्हणणारे किती भेटतात? दुसरे, कबुली गैरसमजाने दिली, म्हणून वर अपील करता येते. अपिलाला वकील लावावा की नाही यावर विचार चालू आहे. न लावणे चांगले.

गावात कोणाला सांगितलेले नाही. कुटुंबालाही "साहेब बोलले, कळवतो म्हणाले" एवढेच. खोटे नाही ते.

सकाळी गहिनीनाथ हद्दीचा अर्ज घेऊन आला. ठेवून घेतला. दुसरे काय करणार?


कार्तिक वद्य १२, बुधवार

कचेरीचा कागद आला. तोच जवान. यावेळी बसला नाही.

एकच ओळ आहे. खाली शिक्का. सकाळपासून तो घेऊन ओसरीवर बसलो आहे. पहिला शब्द माझे नाव आहे. दुसरा लागत नाही. तिसऱ्यात कुठेतरी अलिफ आहे, पण आता त्यावर भरवसा नाही. पाच शब्द आहेत, त्यांत माझी नोकरी आहे किंवा नाही, आणि मला ते कळत नाही. गाव येते-जाते, मुन्शीजी राम राम म्हणते, मी कागदावरून नजर न काढता मान हलवतो. त्यांना वाटते मी वाचतो आहे.

संध्याकाळी कुटुंब येऊन शेजारी बसली. काय लिहिलंय, असे तिने विचारले नाही. तिने विचारले असते तर मी काहीतरी सांगितले असते. मग माझ्याच तोंडातून निघाले:

"मला वाचता येत न्हाई."

हे मी आजवर कोणालाच बोललेलो नव्हतो. इथेही लिहिलेले नव्हते.

ती म्हणाली, "ठाव हाय मला. लगीन झालं त्या सालापसून ठाव हाय. माझ्या बानं तहशिलीचा उर्दू कागद दिला व्हता तुमाला वाचायला, तुमी त्यो उलटा धरून वाचला. समदे बसले व्हते, म्हनून मी बोलले न्हाई." मग म्हणाली, "वकील लावा म्हनत व्हते मी, त्ये काय साहेबापुढं उभं ऱ्हायासाठी व्हय? कागद आला म्हंजी कुनी तरी गुपचूप वाचून सांगावा, येवढ्यासाठी व्हतं. तुमाला कुनापुढं म्हनावं लागलं नसतं."

मला रडू आले. तिने पदर पुढे केला नाही, नुसती बसून राहिली. त्याचे मी उपकार मानतो.

वकील लावायचा की नाही, हे आता ठरले. उद्या सकाळी दोघे विठ्ठलरावांकडे जाणार आहोत. एवढी एक ओळ वाचून घ्यायची आहे.